कंपवात आणि एकटेपणा

एखादे वृद्ध गृहस्थ पूर्वीं पारावर बसून सर्वांशीं मोकळेपणानें बोलत असत. आतां ते घराबाहेर पडत नाहींत, कोणी भेटावयास गेल्यास हंसत नाहींत, व उत्तर उशिरा आणि क्षीण स्वरानें देतात. लोक म्हणतात, "म्हातारा तुसडा झाला." परंतु असा पालट स्वभावाचा नसून रोगाचा असूं शकतो. म्हणून ह्या विषयाचा आज आपण क्रमानें विचार करूं.

१. हा रोग कोणता? लंडन येथील वैद्य जेम्स पार्किन्सन ह्यांनीं १८१७ सालीं एका लहानशा ग्रंथांत ह्याचें वर्णन केलें, आणि पुढें त्यांचेंच नांव ह्या रोगास पडलें. आपल्याकडे त्यास कंपवात म्हणतात. मेंदूंत डोपामीन नांवाचें द्रव्य उत्पन्न करणाऱ्या पेशी हळूहळू नाश पावतात. त्यामुळें हालचाल मंदावते, अवयव ताठरतात, आणि पुष्कळांचे हात कांपतात. हा रोग शेजारीं बसल्यानें किंवा एका ताटांत जेवल्यानें लागत नाहीं. तो समूळ नाहींसा करणारें औषध अद्याप सांपडलेलें नाहीं. तथापि लेव्होडोपा ह्या औषधानें पुष्कळांस आराम पडतो.

२. रोगी एकटा कां पडतो? चेहऱ्याचे स्नायू ताठरल्यामुळें मनांतील आनंद मुखावर उमटत नाहीं. आवाज बसतो. चारचौघांत चहा सांडेल ह्या लाजेनें तो पंगतीस जाण्याचें टाळतो. लोकांस वाटतें, ह्याला आपली गरज नाहीं. त्यास वाटतें, मी लोकांस नकोसा झालों. अशा रीतीनें दोघांचाही गैरसमज होतो, आणि येणेंजाणें बंद पडतें.

३. एकटेपणानें कोणती हानि होते? १५०० हून अधिक रोग्यांची एक पाहणी २०२० सालीं प्रसिद्ध झाली. तींत, जे स्वतःस एकटे समजत त्यांनीं आपलीं लक्षणें अधिक तीव्र असल्याचें सांगितलें. ब्रिटनमधील सुमारे ४,९०,००० लोकांच्या माहितीवरून २०२३ सालीं असेंही दिसून आलें कीं, ज्यांस एकटें वाटत होतें त्यांच्यांत पुढें हा रोग जडण्याचें प्रमाण सुमारें ३७ टक्के अधिक होतें. ह्यावरून एकटेपणा हेंच रोगाचें कारण होय असें ठरत नाहीं. कारण हात कांपूं लागण्यापूर्वीं कित्येक वर्षें रोगाचा आरंभ झालेला असतो, आणि मनाची खिन्नता हें त्याचें एक आरंभींचें लक्षण असूं शकतें. परंतु इतकें उघड आहे कीं, जो एकटा बसतो तो चालत नाहीं, म्हणून त्याचे अवयव अधिक आंखडतात. तो बोलत नाहीं, म्हणून आवाजास व्यायाम मिळत नाहीं. आणि आठवण देणारें कोणी नसल्यास औषधाची वेळ चुकते. ह्या रोगांत वेळेवर औषध घेणें फार अगत्याचें असतें.

४. आपण काय करावें? रोग्याच्या समोर बसावें व उत्तराची धीरानें वाट पाहावी. त्याचें वाक्य आपण पुरें करूं नये. पेला अर्धाच भरून द्यावा, म्हणजे सांडण्याची भीति राहत नाहीं. औषधाचा गुण असतो त्या वेळीं भेटीस जावें, आणि शक्य तर त्याच्या चालीनें थोडें फिरून यावें. त्याची शुश्रूषा करणारी पत्नी किंवा सूनही एकटी पडलेली असते; तिला तासभर विसावा मिळेल अशी तजवीज करावी. पुण्यांत पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तेथें रोगी व त्यांचे आप्त एकमेकांस धीर देतात. गांवांत असें मंडळ नसलें तरी तीन चार शेजाऱ्यांनीं वार वांटून घेतल्यास तेंच काम होईल. मात्र भेटीगाठींमुळें बरें वाटूं लागलें म्हणून वैद्याच्या सल्ल्यावांचून औषध कधींही थांबवूं नये.

विचारासाठीं प्रश्न: (१) रोग्याच्या मुखावर हंसूं न दिसल्यास त्याचा काय अर्थ समजावा? (२) एकटेपणामुळें औषधोपचारांत कसा अडथळा येतो? (३) आपल्या आळींत ज्यांच्याकडे पुष्कळ दिवसांत कोणी गेलें नाहीं असें घर कोणतें, आणि ह्या आठवड्यांत तेथें कोण जाईल?