आधी पत्ता विचारा

हसनाबादच्या शिवारात विहिरीचं काम निघालं की आधी काळी माती लागते, मग मुरूम, आणि त्याखाली काळा पाषाण नाहीतर पोकळ्यांचा मांजऱ्या खडक. मांजऱ्याच्या पोकळ्यांतून पांढरे, कधी हिरवट स्फटिक निघतात, गारगोट्या निघतात. पोरं त्या खिशात घालतात, फिरते व्यापारी ढिगाऱ्यावरून वेचून नेतात. त्यात काही गैर नाही. पण अलीकडे याच स्फटिकांच्या शेजारी, मखमलीवर मांडलेले ‘जीवाश्म’ही विकायला येऊ लागले आहेत. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून घेऊन झाल्यावर ते दगड तपासायला माझ्याकडे येतात. घेण्याआधी आले असते तर किती बरं झालं असतं, असं दर वेळी वाटतं.

शेजारच्या आबांच्या नातवानं अडीच हजार मोजून एक ट्रायलोबाइट आणला. “सर, अजिंठ्याच्या डोंगरात सापडलाय म्हणे. खरा आहे ना?” दगड हातात घेण्याआधीच उत्तर मिळालं होतं. ट्रायलोबाइट हे समुद्रातले जीव, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच पृथ्वीवरून संपलेले. अजिंठ्याचा डोंगर म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे थर. त्या दोघांची गाठ पडणं शक्यच नाही.

तरीही पोराला नुसतं ‘खोटा’ म्हणून परत पाठवणं मला बरं वाटलं नाही. सोनार वापरतात तसलं दहापट भिंग त्याच्या हातात दिलं. पाठीवरच्या खाचांमध्ये टाचणीच्या टोकाएवढे गोल खड्डे दिसत होते. ते ओतीव राळेतले हवेचे बुडबुडे. अंगाचा रंग डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसारखा होता. खऱ्या नमुन्यात रंग कुठे गडद, कुठे फिका असतो, आणि खडकाला गेलेली भेग जीवाच्या अंगातूनही आरपार जाते. इथे भेग जीवाच्या कडेला येऊन थांबली होती. नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस बुडवून एका कोपऱ्यात फिरवला, तर बोळा तपकिरी झाला. नोटा तपासायचा जांभळा दिवा धरल्यावर कडेची डिंकाची रेघ निळसर चमकली. मात्र एकट्या या दिव्यावर भिस्त ठेवू नका, काही खनिजंही तशीच चमकतात. तापलेली सुई टोचून वास घ्यायचा उपाय काही जण सांगतात. मी तो करू देत नाही, कारण नमुना खरा निघाला तर त्याला कायमचा डाग पडतो.

दुसरा नेहमीचा माल म्हणजे ‘डायनासोरचं अंडं’. आपल्याकडचा खडक झिजताना कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत जातात आणि मध्ये गोल गाभा उरतो. तोच अंडं म्हणून विकतात. रस्त्यासाठी कापलेल्या कुठल्याही टेकाडात असे गोटे हवे तेवढे दिसतात. खऱ्या अंड्याला चुनखडीचं, काही मिलिमीटर जाडीचं कवच असतं, त्यावर बारीक पुटकुळ्या आणि छिद्रं असतात. व्हिनेगरचा थेंब फसफसला म्हणून मात्र हुरळून जाऊ नये. आपल्या दगडातलं कॅल्साइटही फसफसतं. उलटंही घडतं. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावी लोक पिढ्यान्‌पिढ्या काकड भैरव म्हणून पूजत आलेले गोल दगड डायनासोरची अंडी असल्याचं २०२३ मध्ये तज्ज्ञांनी सांगितलं. तिथे लाव्ह्याखालचे, पाण्यात साचलेले जुने थर उघडे पडले आहेत. आपल्या शिवारात तसं नाही. दोन्ही दगड गोलच, निवाडा होतो तो जागेवरून.

डागडुजी केलेला जीवाश्म मात्र मी खोट्यात धरत नाही. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बारापासॉरसचा भव्य सांगाडा उभा आहे. गोदावरीच्या खोऱ्यात १९६० च्या सुमारास ही हाडं निघाली. ती एका प्राण्याची नव्हती, अनेक प्राण्यांची होती, आणि कवटी तर सापडलीच नाही. हे सगळं शास्त्रज्ञांनी लिहून ठेवलं आहे, म्हणून त्या सांगाड्याची प्रतिष्ठा तसूभरही कमी होत नाही. बाजारात मात्र खऱ्या धडाला राळेचे काटे आणि डोळे चिकटवतात आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. म्हणून विक्रेत्याला सरळ विचारावं, यातलं किती मूळचं आणि किती भरलेलं? प्रामाणिक माणूस बोट ठेवून दाखवतो. जो चिडतो त्याच्याकडून काही घेऊ नये.

मला सर्वांत जास्त चीड येते ती खोट्या पत्त्याची. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले प्राध्यापक विश्वजित गुप्ता यांनी हिमालयातले म्हणून वर्षानुवर्षं जीवाश्म प्रसिद्ध केले. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’मधून दाखवून दिलं की त्यातले काही मोरोक्कोतल्या नमुन्यांशी हुबेहूब जुळतात. जीव खरे होते, जागा खोटी होती. तेवढ्यानं हिमालयाच्या भूशास्त्रातले कित्येक निष्कर्ष संशयाच्या भोवऱ्यात सापडले.

याच्या नेमकं उलट चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा. तिथे शेतात सापडणारी दगड झालेली डायनासोरची विष्ठा दिसायला अगदी सामान्य आहे, दिवाणखान्यात कुणी ठेवणार नाही. पण ती कुठली, कुठल्या थरातली हे पक्कं माहीत होतं. म्हणूनच २००५ मध्ये तिच्यात गवताचे सूक्ष्म कण सापडले, तेव्हा डायनासोरांच्या काळातही गवत होतं हे ठामपणे म्हणता आलं. तेच दगड कुणी गोळा करून चिठ्ठीविना पेटीत टाकले असते, तर ते शोभेचे खडे झाले असते.

गिरजेच्या किंवा पूर्णेच्या काठावर, ढासळलेल्या दरडीत हाडासारखं काही दिसलं तर ते नक्की बघावं. नदीच्या जुन्या गाळात खरी हाडं मिळतात. लातूर जिल्ह्यात मांजरा नदीच्या गाळातून हत्तीची आणि रानबैलांची हाडं निघाली आहेत. कुदळ मारू नका, धुऊ नका, वर वॉर्निश तर मुळीच लावू नका. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून फोटो काढा, मोबाइलवरून जागेची नोंद घ्या, वरून किती फुटांवर, मातीत की गोट्यांच्या थरात ते लिहा. मग नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. आबांच्या नातवाला मी हेच सांगितलं, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यावर चिठ्ठी कशी लिहायची तेही दाखवलं: गाव, गट क्रमांक, थर, तारीख, सापडणाऱ्याचं नाव. विहिरीतल्या गारगोटीपासून त्यानं सुरुवात केली आहे.