कर्करोगाची गोळी गर्भधारणेसाठी?

प्रश्न : मला पीसीओएस आहे. डॉक्टरांनी लेट्रोझोल दिले आहे; पण ते स्तनाच्या कर्करोगाचे औषध आहे आणि त्यावर बंदी होती, असे कळले. घ्यावे का?

उत्तर : तुम्ही ऐकले ते खरे आहे, तरीही डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे. हे औषध इस्ट्रोजेन तयार होणे काही दिवस रोखते. मग मेंदूकडून बीजग्रंथीला जोरकस संदेश जातो आणि बीज वाढू लागते. २०१४ साली अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले, तर जुन्या क्लोमिफिन गोळीने १९.१ टक्के स्त्रियांना. आज आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही पीसीओएसमध्ये याच गोळीला पहिली पसंती देतात.

मग बंदी का आली? बाळात व्यंग येईल या भीतीने २०११ मध्ये भारतात वंध्यत्वासाठी तिचा वापर थांबवला गेला. पण २०१४ च्या त्या चाचणीत दोन्ही गटांतील व्यंगांच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही आणि २०१७ मध्ये बंदी उठली. गोळी पाळीच्या सुरुवातीचे पाचच दिवस घेतात. गर्भ रुजेपर्यंत ती शरीरातून बहुतांशी निघून गेलेली असते. मात्र गर्भ आधीच राहिलेला नाही याची खात्री करूनच ती सुरू करा आणि सोनोग्राफी चुकवू नका. भीती रास्त होती, पण पुरावा आता तुमच्या बाजूने आहे.