मावळतीचे आकाश आणि रंगांचे गणित

पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळ हे गाव आहे. येथून एक रस्ता भोरला जातो, तर दुसरा नारायणपूरवरून सासवडला. हिवाळ्यात सूर्य मावळल्यावर येथून पश्चिमेला, भोर-वेल्ह्याच्या डोंगरांकडे पाहा. क्षितिजाजवळ नारिंगी, त्याच्यावर गुलाबी आणि माथ्यावर निळा रंग दिसतो. परंतु नारिंगी कोठे संपला आणि गुलाबी कोठे सुरू झाला, हे बोट ठेवून सांगता येत नाही. असे आकाश संगणकावर कसे रंगवावयाचे?

चित्र साठवण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत प्रत्येक ठिपक्याचा रंग नोंदवितात. दुसरीत रेषा, आकार व रंग यांचे नुसते आकडे साठवितात. या दुसऱ्या रीतीला व्हेक्टर चित्र म्हणतात. लग्नपत्रिका आणि फलक तयार करणारे कोरलड्रॉ वापरतात, ते याच जातीचे. इंकस्केप ही प्रणाली तर फुकट मिळते.

संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक रंग तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांपासून होतो. प्रत्येकाचे प्रमाण ० ते २५५ या आकड्यांनी दाखवितात. समजा, आकाशाच्या तळाशी नारिंगी (२४०, १४०, ४०) आणि माथ्याशी निळा (४०, ८०, १६०) हवा आहे. या ठरवून दिलेल्या जागांना 'स्टॉप', म्हणजे थांबे म्हणतात. दोन थांब्यांमधील रंग संगणक त्रैराशिकाने काढतो. पाव अंतरावर तांबडा किती? २४० पासून ४० पर्यंत २०० ची घट, तिचा पाव भाग ५०, म्हणून १९०. याच रीतीने हिरवा १२५ आणि निळा ७० येतो.

आता बरोबर मध्यावरचा रंग तुम्हीच काढा. उत्तर येईल (१४०, ११०, १००). पडद्यावर हा रंग चिखलासारखा मळकट दिसतो! असे का व्हावे? तिन्ही आकडे सारखे झाले की रंग करडा होतो. नारिंगीत सर्वांत मोठ्या व लहान आकड्यांतील फरक २०० होता, निळ्यात १२०. मध्यावर तो केवळ ४० उरला. म्हणून रंगाचा तजेला गेला.

खरे आकाश असे मळकट होत नाही. मावळतीचा प्रकाश हवेतून फार लांबचा प्रवास करून येतो. वाटेत हवेचे रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा जवळजवळ सहापट विखुरतो. म्हणून क्षितिजापाशी नारिंगी-तांबडा प्रकाश उरतो. वर मात्र तांबडा आणि विखुरलेला निळा एकत्र डोळ्यांत येतात व गुलाबी-जांभळट छटा दिसते. आपणही मध्यावर तिसरा थांबा घालू: गुलाबी (२४०, १५०, १७०). आता तेथील फरक ४० ऐवजी ९० झाला आणि आकाश उजळले.

इंकस्केपमध्ये हे करून पाहा. एक चौकोन काढा. ग्रेडियंटचे साधन घेऊन तळापासून माथ्यापर्यंत रेघ ओढा. रेघेवर दोनदा टिचकी मारली की नवा थांबा तयार होतो. त्याला रंग द्या. मग तो थांबा वर-खाली सरकवून संध्याकाळ कशी बदलते ते पाहा.

सरळ रेघेवरची छटा आकाशाला पुरते. आंब्याला पुरत नाही. त्याचा रंग देठाकडे, गालावर आणि कडेला निरनिराळा असतो. त्यासाठी आकारावर जाळी टाकून प्रत्येक गाठीला वेगळा रंग देतात. चार गाठींच्या चौकटीच्या मध्यभागी त्या चारही रंगांची सरासरी येते. अशी जाळी इलस्ट्रेटरमध्ये १९९८ साली आली, तर इंकस्केपमध्ये २०१७ साली.

एक सावधगिरी मात्र बाळगा. व्हेक्टर चित्र कितीही मोठे केले तरी कडा रेखीव राहतात, पण छटेच्या पायऱ्या वाढत नाहीत. समजा, ३ मीटर लांबीच्या फलकावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रंगात केवळ २० पायऱ्यांचा फरक आहे. मग एकेक पट्टा १५ सेंटीमीटर रुंद होईल आणि आकाशाऐवजी पट्ट्यापट्ट्यांचे कापड दिसेल! यावर उपाय दोन: रंगांतील अंतर वाढवा, किंवा छटेत बारीक कण मिसळून पट्ट्यांच्या कडा मोडा.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. आपल्या तीन थांब्यांच्या आकाशात पाऊण उंचीवर कोणता रंग येईल? आधी वहीत गणित करा आणि मग पडद्यावर ताडून पाहा. उत्तर (१४०, ११५, १६५) आले, तर रंगांचे गणित तुम्हांला समजले!