पिल्लू, पुट्टी आणि पौषातली थंडी

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, आधी रंगाचं काम उरकते, मग संक्रांत होऊ दे, मग निवांतपणे पिल्लाला शिकवायला घेते." मागे तुझ्या कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, त्यामुळे बोलायचं राहून गेलं. आता सविस्तर लिहिते. थांबू नकोस. तुझ्या घरात या महिन्यात जो पसारा आहे ना, तोच पिल्लाच्या शिकण्याचा सगळ्यात चांगला काळ आहे.

कारण ऐक. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत कुत्र्याचं पिल्लू जे बघतं, ऐकतं, हुंगतं ते त्याच्या ओळखीचं होऊन जातं. त्यानंतर नवीन काही दिसलं की आधी भीती वाटते. स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेत बार हार्बर इथे वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून हे पाहिलं आणि १९६५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. आजही पिल्लांना शिकवणारे लोक त्याच पायावर काम करतात. तुझं पिल्लू आठ-नऊ आठवड्यांचं. संक्रांत होऊ दे, पाहुणे जाऊ देत, मुलाची परीक्षा होऊ दे, असं म्हणत राहिलीस तर नेमके हेच दिवस निघून जातील. नंतर कुत्रं शिकत नाही असं नाही, पण तेव्हा शिकवायच्या आधी भीती घालवावी लागते, आणि ते फार चिकाटीचं काम.

शिवाय लसी पूर्ण होईपर्यंत इतर कुत्री फिरतात अशा जागी त्याला खाली सोडायचं नाही. पार्व्होचे विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतात आणि लहान पिल्लाला त्यातून वाचवणं कठीण जातं. जगाची ओळख तर व्हायला हवी, पण जगात सोडता येत नाही. आणि तुझ्याकडे जगच घरी चालून येतंय: रंगारी, सुतार, शिडी, ड्रिल मशीन, हळदीकुंकवाच्या बायका. बाकीच्यांना हे मुद्दाम जमवून आणावं लागतं गं.

ड्रिलचंच सांगते. पहिल्या दिवशी मशीन नुसतं जमिनीवर ठेव, बंद. पिल्लू येईल, हुंगेल, मागे सरेल, परत येईल. परत आलं की हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा दे. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना लांबच्या खोलीत, दार लावून, क्षणभर मशीन चालवायला सांग. आवाज झाला की लगेच तुकडा, आवाज थांबला की तुकडाही बंद. हा क्रम उलटा होऊ देऊ नकोस. खाऊ आधी आणि आवाज मागून असं झालं तर ते खाऊलाच घाबरायला लागतं. मग रोज थोडं जवळ. त्याचे कान मागे पडले, शेपटी पोटाखाली गेली, झोप नसताना जांभया देतंय, समोरचा तुकडाही घेत नाही, असं दिसलं की आवाज फार जवळ आला असं समज आणि दोन पावलं मागे जा. उचलून कुशीत दाबून "काही नाही रे" म्हणत आवाजापाशी नेऊ नकोस. त्याला स्वतःच्या पायांनी मागे सरता आलं पाहिजे. तेवढी मुभा असली की ते स्वतःच पुढे येतं.

रंगाऱ्यांशी ओळखही अशीच. त्यांनी पिल्लाकडे बघायचं नाही, वाकायचं नाही, हाक मारायची नाही. आपलं काम करत राहायचं आणि जाता-येता एक तुकडा जमिनीवर टाकायचा. जवळ जायचं की नाही ते पिल्लू ठरवेल.

आता भिंतीबद्दल. पावसाळ्यातली ओल आत्ता कुठे वाळते आहे, त्यामुळे वेळ तू बरोबर निवडलीस. पण पोपडे खरवडून लगेच पुट्टी भरायची घाई नको. गच्चीवरून किंवा बाथरूमच्या नळीतून पाणी येत असेल तर आधी ते बंद कर, नाहीतर पुढच्या श्रावणात तीच भिंत तशीच सुटेल. आणि निफाडची थंडी तुला मी काय सांगू! कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा दर हिवाळ्यात पेपरात छापून येतो. दहा अंशांच्या खाली इमल्शन नीट बसत नाही, म्हणून ऊन भिंतीवर आल्यावरच ब्रश लावायला सांग आणि दुसरा हात दुपारी चारच्या आत संपू दे. एका वेळी एकच खोली काढ. सगळं घर एकदम काढलंस तर पिल्लाला टेकायला जागा राहत नाही, आणि खरं सांगू, तुलाही राहत नाही. पुट्टी घासतात तो दिवस तेवढा त्याला गच्चीवर नाहीतर शेजारी ठेव. ती धूळ नाकाच्या उंचीवर असते, आपल्या नाही, त्याच्या. ओल्या पुट्टीत पाय पडलेच तर लगेच धुऊन कोरडे कर, ते चाटून पोटात जातं.

सासूबाईंचं म्हणशील तर त्यांच्या बाजूने बघ. मार्गशीर्षातले गुरुवार, घट मांडलेला, पाच फळं, आंब्याचे डहाळे, आणि खाली शेपटी हलवत फिरणारं एक बाळ. त्यांचा जीव वर-खाली होणारच. पण हाच महिना चंपाषष्ठीचा आणि दत्तजयंतीचाही आहे. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, दत्तगुरूंच्या पायाशी चार असतात. हे तू वाद म्हणून काढू नकोस, त्यांनाच विचार की चंपाषष्ठीला त्यांच्या माहेरी कुत्र्याला नैवेद्य कसा देत. त्या सांगत बसतील, आणि त्या सांगत असताना पिल्लू त्यांच्या पायाशी येऊन बसू दे. फक्त नैवेद्यातला रोडग्याचा तुकडा नुसता दे, भरीत नको. भरतात कांदा-लसूण असतो.

घटासाठी खरा उपाय म्हणजे अर्धं दार. सुतार घरात आहेच, तर देवघराच्या आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला अडीच फुटी पट्ट्यांचं दार करून घे. दोन पट्ट्यांत दोन इंचांपेक्षा कमी फट ठेव, डोकं अडकता कामा नये. खालची फटही तेवढीच. वॉर्निश पूर्ण वाळून वास गेल्यावरच बसव, कारण दात येणारं पिल्लू सगळ्यात आधी लाकूडच कुरतडतं. माझं तर मत आहे की रंगापेक्षाही आधी हे दार करून घे. पिल्लाला सगळं दिसतं, वास येतो, आई स्वयंपाक करते आहे हे कळतं, आणि तरी ते पलीकडे असतं. दाराच्या अलीकडे एक बस्कर टाक. त्यावर ते गप्प बसलं की दारावरून तुकडा टाक. उड्या मारतं, केकाटतं तेव्हा काही नाही, बघायचंसुद्धा नाही. आठवडाभरात ते आपणहून त्या बस्करावर येऊन बसायला लागेल, आणि गुरुवारी सासूबाईंची पोथी शांतपणे होईल.

नातू आणि आजोबा यांना या दाराला पॉलिश पेपर मारायला बसव. मुलाला पिल्लाशी खेळायला मिळतंच, पण त्याच्यासाठी काहीतरी बनवायलाही मिळू दे.

सासरचा व्यापच कांदा-द्राक्षांचा, म्हणून हे जरा कान देऊन ऐक. द्राक्षं आणि बेदाणे, मनुका, यांनी कुत्र्याच्या किडन्या निकामी होऊ शकतात. किती खाल्ले म्हणजे धोका याचा भरवसा नाही, त्यामुळे "एकाने काय होतंय" हे वाक्य घरात चालू देऊ नकोस. डिंकाच्या लाडवात मनुका असतात, तेव्हा लाडवाचा डबा वर. कांदा कच्चा असो की शिजलेला, त्याने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लसणानेही तेच. म्हणजे कालच्या रश्श्यात कुस्करलेली भाकरी नाही. चॉकलेट नाही. दूधही पचत नाही बऱ्याच पिल्लांना, जुलाब होतात. भात, उकडलेलं चिकन, अंडं, लाल भोपळा, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं. वयाप्रमाणे प्रमाण डॉक्टरांना विचारून घे.

गरम कपड्यांची ट्रंक काढशील तेव्हा डांबरगोळ्या मोजून डबीत भर आणि डबी कपाटात ठेव. एखादी गोळी पलंगाखाली घरंगळली तर पिल्लाला ती खेळणं वाटते, आणि ती विषारी आहे. अंथरुणाला आईची ती विटलेली गोधडी दे. खाली लाकडी पाट, पाटावर पोतं, पोत्यावर गोधडी, म्हणजे फरशीचा गारठा वर येत नाही. आंघोळीची घाई नको, कोमट ओल्या फडक्याने पुसलंस तरी पुरे.

शी-शूचं गणित सोपं आहे. झोपून उठलं, खाल्लं, खेळून दमलं, की लगेच उचलून ठरलेल्या जागी न्यायचं. तिथे केलं की तिथल्या तिथे खाऊ, घरात परत आल्यावर नाही, नाहीतर त्याला वाटतं घरात येण्याचं बक्षीस मिळालं. घरात झालं तर रागवू नकोस, नाक घासू नकोस. त्यातून ते एवढंच शिकतं की तुझ्यासमोर करायचं नाही, आणि मग सोफ्यामागे जाऊन करतं. पुसताना अमोनियाचं क्लीनर वापरू नकोस, त्याचा वास लघवीसारखाच येतो. व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पूस. पहाटे अंगणात न्यायचं जिवावर येतं, ठाऊक आहे मला. शाल दाराशीच अडकवून ठेव.

चावण्याचे मात्र दोन भाग समजून घे. खेळताना ते हात तोंडात धरतं, ते वयच तसं. हिरड्या शिवशिवतात, चौथ्या महिन्याच्या सुमारास दुधाचे दात पडायला लागतात. दात लागला की खेळ तिथेच थांबवायचा, हात बांधून उभं राहायचं, आणि थोड्या वेळाने चावायला गार गाजर नाहीतर गाठ मारलेलं ओलं फडकं द्यायचं. पण पिल्लू रस्त्यावरून आणलेलं आहे आणि रेबीजची लस तीन महिन्यांनंतरच होणार. तोवर मुलाला दात किंवा नख लागून जरा जरी खरचटलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. हळद, चुना काही लावायचं नाही. यात "छोटं पिल्लू तर आहे" हे चालत नाही. मुलालाही सांगून ठेव की लागलं तर लपवायचं नाही, कोणी पिल्लाला घालवणार नाही. मुलं त्याच भीतीने लपवतात.

संक्रांतीला तुझ्याकडे पतंग असणारच. पतंगांचं येवला काय लांब आहे! नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो गच्च्यांवर दिसतो. तुझ्या गच्चीवर येऊ देऊ नकोस. पाखरांचे पंख कापतात तसे पिल्लाच्या पायांचे तळवेही कापतात, आणि गिळला तर आतडी. त्या दिवशी लाउडस्पीकर सुरू व्हायच्या आत त्याला फिरवून, खाऊ घालून, आतल्या खोलीत घे. हळदीकुंकवाच्या बायकांपैकी दोघी-तिघींनाच भेटव, सगळ्यांच्या मांडीवरून फिरवू नकोस.

आणि आता तुझं. पिल्लू सगळ्यांनी मिळून आणलं, पण रात्री उठतेस तू, पुसतेस तू, रंगाऱ्यांचा चहा तू, घट तू. असं चालणार नाही. आज जेवताना सगळ्यांना बसव आणि वाटून घे. रात्रीची एक फेरी तुझ्या नवऱ्याची, पहाटेची सासऱ्यांची, ते तसेही उठलेले असतात. दुपारचा खाऊ सासूबाईंच्या हातून, म्हणजे त्यांचं-त्याचं जमेल. शाळेतून आल्यावर पाच मिनिटं शिकवणं मुलाचं. शब्द मात्र सगळ्यांचे एकच हवेत. तू "ये", नवरा "कम", आजोबा चुटकी, असं असलं तर पिल्लाने कोणाचं ऐकायचं? फ्रीजवर कागद लाव: "ये", "बस", "सोड", "जागेवर". एवढे चार या महिन्याला भरपूर. "ये" म्हणून बोलावून कधी रागवायचं नाही, औषध पाजायचं नाही, हा एक नियम सगळ्यांकडून वदवून घे.

तुझी पाळी नसेल त्या रात्री खरंच झोप. केकाटलं तरी उठू नकोस, नवरा उठेल. नाही उठला तर मला सांग, मी बोलते त्याच्याशी. रविवारी मी येतेच आहे, अर्ध्या दाराचं माप तेव्हा घेऊ आणि नखं कशी कापायची ते दाखवते. लसीचं कार्ड शोधून ठेव, आणि जंताच्या औषधाची पुढची तारीख डॉक्टरांकडून त्यावर लिहून घे.