गाव सोडून गेलेली माणसे

इस्लामपूरच्या आसपास आज चोहीकडे उसाचे मळे दिसतात. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांमधील हा मुलूख काळ्या मातीचा व संपन्न आहे. तोडणीच्या हंगामात बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यातून मजुरांच्या टोळ्या येथे पोट भरावयास येतात. परंतु कृष्णा व येरळा या नद्या ओलांडून ईशान्येस गेले, की सुमारे ४० किलोमीटरांवर विटे लागते आणि देखावा पालटतो. सह्याद्रीने अडविलेल्या मेघांचे पाणी खानापूर आणि आटपाडी या तालुक्यांच्या वाट्याला फारसे येत नाही. तेथील माळरानावर बाजरी पिकली तर पिकली!

या भागातील पुष्कळ तरुणांनी गाव सोडून गलाईचा धंदा पत्करला. गलाई म्हणजे सोनेचांदी गाळून शुद्ध करणे. सोनाराच्या दुकानातील केरात व धुळीत सोन्याचे बारीक कण असतात. ते वेगळे काढून मुशीत वितळवावयाचे. त्यात मिसळलेली चांदी व तांबे तेजाबात विरघळते आणि सोने तेवढे शिल्लक राहते. भट्टीची धग व तेजाबाची वाफ सोसावी लागते, हे या धंद्याचे दुसरे अंग होय. पहिला मनुष्य परमुलखात स्थिरावला, की तो भावाला, भाच्याला, शेजाऱ्याच्या मुलाला हाताखाली बोलावून घेई. अशा रीतीने माणदेशची ही माणसे भारतभरच्या सराफ बाजारांत पोहोचली. १९७२ च्या दुष्काळात ज्यांना खडी फोडण्याच्या कामावर जावे लागले, त्यांना ही वाट अधिकच जवळची वाटली असल्यास नवल नाही.

मग पाऊस नाही, एवढेच गाव सोडण्याचे कारण समजावे काय? तसे म्हणता येत नाही. अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १९२० साली याच वाळवे तालुक्यातील वाटेगावी झाला. तरीही त्यांच्या कुटुंबास पोटासाठी मुंबईची वाट धरावी लागली, आणि ती वाट त्यांनी पायी तुडविली. पुढे त्यांनी गिरणीतही काम केले. ज्याच्या नावावर जमीन नाही व ज्याला जातीमुळे गावकुसाबाहेर राहावे लागते, त्याला नदीकाठचा सुपीक मुलूख काय कामाचा?

दूरच्या आयर्लंडातही असेच घडले. १८४५ साली तेथील बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढील काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे दगावली. तितकीच किंबहुना अधिक माणसे देश सोडून गेली. आश्चर्य हे, की त्या दुष्काळातही आयर्लंडातून धान्य बाहेर जात होते. जमीन जमीनदारांची होती आणि खंड थकलेल्या कुळांना घराबाहेर काढले जाई. अमेरिकेस गेलेली मुलगी तेथे मोलमजुरी करून धाकट्या भावंडाच्या जहाजभाड्यासाठी पैसे धाडी. खानापूरचा गलाईवाला भाच्याला बोलावी, तसेच हे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस टेंभू योजना हाती घेण्यात आली. टेंभू हे कऱ्हाडजवळचे, गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव. तेथे कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून खानापूर-आटपाडीकडे नेले जाते. आता तेथील डाळिंबाच्या बागांनाही त्याचा आधार मिळतो. परंतु परप्रांतात वाढलेली मुले तेथील भाषा सहज बोलू लागली आहेत. गावच्या जत्रेला ती येतात, बंद घराचे कुलूप काढतात आणि चार दिवसांनी पुन्हा लावतात.