आधी दुसरी प्रत, मग दुरुस्ती

॥ श्री ॥

रोहा
श्रावण

चि. सोनू,

काल संध्याकाळी मावशी पेणहून आली. तुझ्या आईने दिलेले पोह्याचे पापड पिशवीतून काढता काढता सहज बोलून गेली, "सोनूचं ते कॉम्प्युटरचं डबडं बंद पडलंय. शनिवारी ती ते उघडून आतली डिस्क काढणार आहे म्हणे, आणि नाहीच जमलं तर सगळं पुसून नव्याने चालू करणार आहे." तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र रात्रभर झोप आली नाही. तुला फोन लावला, तू उचलला नाहीस. गणपतीच्या हंगामात तुझा मोबाइल रंगाच्या टेबलावर कुठेतरी पडलेला असतो, म्हणून हे पत्र लिहितोय. उद्या सकाळच्या गाडीने मावशीचा मुलगा पनवेलला जातोय, तो पेणला उतरून तुझ्या हातात देईल.

आधी एवढं वाच, बाकीचं सवडीने. काहीही पुसू नकोस. स्क्रीनवर 'फॉरमॅट' हा शब्द दिसला की बोट मागे घे. शनिवार जाऊ दे, पुढचाही जाऊ दे. दुसरी प्रत हातात आल्याशिवाय त्या ड्राइव्हच्या पेटीला स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही.

त्यात काय काय आहे ते तुला ठाऊक आहे, तरी सांगतो. यंदाच्या सगळ्या ऑर्डरी, कोणाची मूर्ती किती फुटांची, कोणी किती बयाणा दिला. साच्यांचे फोटो. घराचे आणि शेताचे सातबारा. भावोजींच्या आजारपणाची कागदपत्रं. आणि आबांची आखणी. हात थरथरू लागण्याआधी आबांनी मूर्तीचे डोळे आखले, ते तू त्यांच्या खांद्यामागे उभं राहून तासन् तास चित्रित केलंस. ब्रश टेकवण्याआधी ते श्वास कसा धरतात, बुबुळ आधी की पापणीची रेघ आधी, हे आज कारखान्यातली दोन मुलं तेच बघून शिकतायत. मूर्ती फुटली तर साच्यातून दुसरी काढता येते, पण साचाच फुटला तर काय करायचं? आबांच्या त्या आखणीचा साचा आता फक्त त्या ड्राइव्हमध्ये आहे, आणि तो तू शनिवारी पुसायला निघालीस!

सोनू, तू हुशार आहेस, पण उतावळी आहेस. लहानपणापासून अशीच. पंखा फिरेना तर वायर बघायच्या आधी तू पंखाच खाली उतरवायचीस. मी जन्मभर टेलिफोन खात्यात फॉल्ट शोधले. तक्रार यायची, 'फोन मेला'. जाऊन बघावं तर फोन ठणठणीत आणि दोष खांबावरच्या डीपीच्या डब्यात, नाहीतर पाणी शिरलेल्या जोडीत. उपकरणाला हात लावायच्या आधी लाइन तपासायची, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मावशीच सांगत होती की गेल्या आठवड्यात फायबरवाला येऊन राउटरची नवी पेटी बसवून गेला, आणि त्यानंतरच तुझा ड्राइव्ह दिसेनासा झाला. अगं, मग संशय कोणावर घ्यायचा?

दिवाळीत आपण दोघांनी बसून ड्राइव्हला कायमचा पत्ता दिला होता, आठवतं? १९२.१६८.१.५०. जुन्या राउटरचा पत्ता होता १९२.१६८.१.१. दोघं एकाच आळीत होते, म्हणून एकमेकांना दिसत होते. आता लॅपटॉप नव्या वाय-फायला जोड, काळ्या विंडोत 'आयपीकॉन्फिग' टाइप कर आणि 'डिफॉल्ट गेटवे'समोर काय येतं ते बघ. १९२.१६८.२९.१ किंवा तसंच काही वेगळं आलं, तर समज की नव्या पेटीने घराची आळीच बदलली आणि ड्राइव्ह जुन्या पत्त्यावर एकटा बसलाय. तो मेलेला नाही, त्याच्यापर्यंत जायची वाट बदललीय.

खात्री करायची असेल तर ड्राइव्हची केबल राउटरमधून काढून थेट लॅपटॉपला लाव. लॅपटॉपला हाताने पत्ता दे, १९२.१६८.१.१०, आणि मास्क २५५.२५५.२५५.०. मग ब्राउझरमध्ये ड्राइव्हचा पत्ता टाक. त्याचं पान उघडलं की निम्मी काळजी मिटली. यात आतल्या एकाही फाइलला धक्का लागत नाही. पुढे नव्या पेटीचा घरातला पत्ता बदलून पूर्वीचा १९२.१६८.१.१ केला, की सगळं जागेवर येईल.

जुना राउटर अजून कारखान्यात चालू असेल तर तेही बघ. दोन्ही पेट्या आपापल्या परीने पत्ते वाटत बसल्या तर एकीकडचा लॅपटॉप दुसरीकडचा ड्राइव्ह शोधू शकत नाही. जुन्याला 'ॲक्सेस पॉइंट' करून टाक, पत्ते वाटायचं काम एकट्या नव्या पेटीला राहू दे. आणि लॅपटॉप पाहुण्यांसाठीच्या 'गेस्ट' वाय-फायवर असेल, तर घरातली बाकीची उपकरणं त्याला मुद्दाम दाखवलीच जात नाहीत.

एवढं करूनही उघडलं नाही तर विंडोज बघ. विंडोज ११ च्या २०२४ च्या मोठ्या अपडेटनंतर बरेच लॅपटॉप बिनपासवर्डाचं फोल्डर उघडायलाच नकार देतात. आपण तेव्हा सोयीसाठी पासवर्ड ठेवला नव्हता. ड्राइव्हच्या पानावर जाऊन तुझ्या नावाने युजर कर, पासवर्ड दे आणि त्याने आत जा. लॅपटॉपची सुरक्षा बंद करायला सांगणारे पुष्कळ भेटतील, त्यांचं ऐकू नकोस.

फाइल उघडतात पण रडतखडत, असं होत असेल तर वाट अडलीय. तुमच्या घराच्या भिंती जांभ्याच्या, हातभर जाड, आणि हंगामात मधल्या खोलीत शाडूच्या ओल्या मूर्ती दाटीने उभ्या. पाणी रेडिओलहरी शोषून घेतं, तिथून पाच गिगाहर्ट्झचं वाय-फाय पलीकडे धड पोचणार नाही. २.४ जरा लांब जातं, त्याला एक, सहा किंवा अकरा यांपैकी मोकळं चॅनेल दे. पण बॅकअप घ्यायचा तो वायरनेच घे. केबलही नीट बघ, कारखान्यात पायाखाली येऊन एखादी जोडी तुटते. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, शंभर मेगाबिटला दोन पुरतात, म्हणून तुटकी केबलसुद्धा 'चालू' दिसते आणि आपल्याला वाटतं ड्राइव्ह म्हातारा झाला. एक टेराबाइट गिगाबिटने अडीच-तीन तासांत उतरतं, शंभरवर जवळजवळ अख्खा दिवस जातो.

आता डिस्क बाहेर काढायचं. हीच माझी खरी भीती आहे. त्या ड्राइव्हच्या पेटीतली डिस्क लिनक्सच्या पद्धतीने लिहिलेली असते आणि विंडोजला ती वाचता येत नाही. तू ती लॅपटॉपला लावलीस की विंडोज विचारेल, 'ही डिस्क वापरायची तर फॉरमॅट करावी लागेल, करू का?' डिस्क बिघडलीय म्हणून तो विचारत नाही, त्याला ती भाषा येत नाही म्हणून विचारतो. थकलेल्या माणसाचं बोट अशा वेळी 'हो'वर जातं, आणि हंगामात तू किती थकलेली असतेस ते मी पाहिलंय. राउटरमागच्या भोकात पिन धरून ठेवली तर फक्त त्याच्या सेटिंग पुसल्या जातात, तेही कनेक्शनचं नाव आणि पासवर्ड लिहून घेतल्यावरच कर. पण ड्राइव्हच्या पानावर 'फॅक्टरी रिस्टोअर' किंवा 'इनिशियलाइझ' दिसलं तर ते आबांचे डोळे पुसणारं बटण आहे, हे लक्षात ठेव. आणि डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर लगेच बंद कर, पुन्हा चालू करून बघू नकोस. दर वेळी चालू केल्याने ती आणखी खरवडली जाते.

तुला वाटेल, मामा एवढा का घाबरतो. नागोठण्याच्या आजोबांच्या वह्यांची गोष्ट तुझ्या आईने तुला सांगितली असेल, पण तिलाही सगळी माहीत नाही. आजोबा धरमतरच्या खाडीवर कामाला असताना रोज लिहायचे. कुठल्या तिथीला उधाण कुठल्या बांधाला लागलं, भांगाला पाणी किती उतरलं, कुठे उघाडी फुटली. त्या वह्यांची ट्रंक नागोठण्याच्या घरात खालच्या खोलीत होती. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीला पूर आला. जांभूळपाड्यात पुराने जो हाहाकार केला तो सगळ्या महाराष्ट्राने ऐकला, नागोठण्यातही पाणी घरांत शिरलं. मी तेव्हा नोकरीत नवा होतो, लोकांच्या तुटलेल्या लाइनी जोडत फिरत होतो. घरी पोचलो तेव्हा आजोबा दोरीवर पानं वाळत घालत होते. शाई पार उतरली होती.

पण मला सलतं ते त्याच्यापुढचं. पुरानंतरही ते सगळं आजोबांच्या डोक्यात होतं. विचारलं की तिथीसकट सांगायचे. मी पाटावर वही घेऊन त्यांच्यासमोर बसलो असतो तर दोन पावसाळ्यांत निम्म्या वह्या पुन्हा लिहून झाल्या असत्या. ड्यूटी, ओव्हरटाइम, बदली, माझं लग्न, यातच ती वर्षं गेली आणि मग आजोबाही गेले. खाडीकाठचा एखादा बांध फुटल्याची बातमी आली की आजही मनात येतं, आजोबांनी हे लिहून ठेवलं असणार.

म्हणून सारखं सांगतोय, आधी दुसरी प्रत. त्या पेटीत दोन डिस्क आहेत म्हणून निर्धास्त राहू नकोस. एकीवर लिहिलं की ते दुसरीवर उमटतं, आणि एकीवर पुसलं की दुसरीवरूनही जातं. एक डिस्क मेली तर दुसरी उपयोगी पडेल, चुकीचं बटण दाबलं गेलं तर दोन्ही रिकाम्या. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने एक नियम लोकांना समजावून दिला. प्रती तीन ठेवायच्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आपलीही तशीच सोय करू. एक ड्राइव्हमध्ये, एक सुट्या हार्ड डिस्कवर, ती कॉपी झाली की सोडवून कपाटात. तिसरी माझ्याकडे रोह्याला, माळ्यावरच्या कपाटात. पेणला भोगावती फुगली तर रोह्याची कुंडलिकेकाठची प्रत राहील, कुंडलिका फुगली तर तुमची. आणि कॉपी झाली म्हणून सोडायचं नाही. तिच्यातली एखादी फाइल उघडून बघायची, आखणीची चित्रफीत शेवटपर्यंत चालते का ते बघायचं.

बाहेरगावहून फोटो बघता यावेत म्हणून तू ड्राइव्ह इंटरनेटला उघडा ठेवला असशील तर तो दरवाजा आज बंद कर. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या ड्राइव्हचे जगभरातले कितीतरी मालक सकाळी उठले तर त्यांचे ड्राइव्ह रिकामे. कोणीतरी लांबूनच सगळं पुसलं होतं. त्या यंत्राला २०१५ नंतर अपडेटच मिळालेलं नव्हतं. कुणाच्या बाळाचे पहिले फोटो गेले, कुणाचं आयुष्यभराचं काम गेलं. म्हणून राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' आणि 'यूपीएनपी' बंद, ड्राइव्हचं अपडेट चालू.

विजेचंही सांभाळ. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आपल्या जिल्ह्यात कितीतरी दिवस अंधार होता, आणि एरवीही पावसात दिवे ये-जा करतात. डिस्क लिहीत असताना वीज गेली तर अर्धवट लिहिलेलं बिघडतं. राउटर आणि ड्राइव्ह दोन्ही छोट्या यूपीएसवर ठेव, आणि ड्राइव्हची पेटी कारखान्यातून उचलून माडीवर ने. शाडूची पूड आणि स्प्रेचा रंग तिच्या पंख्यात बसतो.

वर मी रागाने लिहिलंय खरं. फार मनाला लावून घेऊ नकोस. पनवेलची नोकरी सोडून तू भावोजींच्या मागे कारखाना उभा ठेवलास, आईचे गुडघे, आबांची औषधं, वीस माणसांची मजुरी, मुंबईच्या मंडळांचे फोन, सगळं एकटीने ओढतेस. त्यात ही पेटी. कोणाचाही धीर सुटेल. आबांना कॅमेऱ्यासमोर बसवायचं तुला सुचलं, ते मला आजोबांच्या बाबतीत सुचलं नव्हतं. हे मी आजवर तुला तोंडावर सांगितलं नाही, ते राहून गेलं. हंगाम संपला की आबांच्या शेजारी पुन्हा बस. हात चालत नसला तरी ते बोलतात. ब्रश कसा बांधायचा, रंगात किती पाणी, सगळं विचार आणि रेकॉर्ड कर.

रविवारी पहिल्या गाडीने मी येतोय. नवी केबल, क्रिंपिंगची पकड आणि चार टेराबाइटची कोरी हार्ड डिस्क घेऊन येतो. आपण आधी प्रत काढू, ती उघडून बघू, मग राउटरशी काय ते भांडू. तोवर पेटी उघडू नकोस, ऑर्डरी वहीत लिही.

आणि एक. हे पत्र पोचायच्या आधीच तू काही पुसून बसली असशील, तर लपवू नकोस, आणि रडत बसू नकोस. पुसल्यावर तिच्यावर नवं काही लिहिलं नाही, तर पुष्कळदा जाणकारांकडून परत काढता येतं. फक्त पेटी बंद करून ठेव आणि मला फोन कर, रात्री कितीही वाजता कर. आणि नाहीच काही परत मिळालं, तरी मी एका शब्दाने बोलणार नाही. आबाही बोलणार नाहीत, मी त्यांना ओळखतो. आम्हाला त्या ड्राइव्हपेक्षा तू मोठी आहेस. वेळेवर जेव, रात्री कारखान्याचा दिवा जरा लवकर बंद करत जा. आईला आणि आबांना नमस्कार.

तुझा,
मामा