एकच माप

घेताना मोठे माप आणि देताना लहान माप वापरणाऱ्या दुकानदाराला लोक लबाड म्हणतात. परंतु माणसांची पारख करतानाही अशी दोन मापे वापरली जातात, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. स्वतःसाठी एक माप, दुसऱ्यासाठी वेगळे. सभेत एक, घरात वेगळे! ही लबाडी उघड करण्याचे धैर्य बुलढाण्याच्या एका स्त्रीने 1882 साली दाखविले. तिचे नाव ताराबाई शिंदे.

ताराबाईंचा जन्म 1850 च्या सुमारास झाला. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. ते सत्यशोधक समाजाचे सभासद होते. सभेत मांडलेला विचार त्यांनी उंबरठ्याबाहेर ठेविला नाही. मुलींना अक्षरओळखही दुर्मिळ असलेल्या त्या काळी त्यांनी आपल्या कन्येला मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले.

1881 साली सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी करण्यात आली. विधवेस पुनर्विवाहाची मुभा रूढीने ठेविली नव्हती, आणि लोकनिंदेचे भय तर पावलोपावली होते. असे असता या प्रकरणाच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून सरसकट सर्वच स्त्रियांवर दोषारोप होऊ लागला. तो वाचून ताराबाईंनी लेखणी हाती घेतली. त्यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती 500 आणि किंमत नऊ आणे!

जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारले जातात, ते पुरुषांत नाहीत काय, हा या पुस्तकातील मुख्य सवाल होय. पत्नी निवर्तताच पुरुषाने दुसरी करावी आणि विधवेने मात्र जन्मभर कोंडून घ्यावे, हा कोठला न्याय? पतीला देव मानावे असे शास्त्र सांगत असेल, तर पतीनेही देवासारखे वागावयास नको काय? सभांतून सुधारणेची भाषणे करणाऱ्या, परंतु कृतीची वेळ येताच मागे सरणाऱ्या मंडळींनाही त्यांनी सोडले नाही. स्त्रिया निर्दोष आहेत असे मात्र त्यांनी म्हटले नाही. तराजू दोघांना सारखाच हवा, एवढेच त्यांचे मागणे होते.

हाच तराजू त्यांनी स्वतःलाही लावला. आपण मराठमोळ्या घराच्या चार भिंतींत राहणारी स्त्री आहो, हा आपला पहिलाच प्रयत्न आहे आणि भाषा कठोर झाली आहे, हे त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगून टाकिले. टोपणनावाचा आडोसाही त्यांनी घेतला नाही.

या सरळपणाचे मोल त्यांना द्यावे लागले. पुस्तकावर टीका झाली. सत्यशोधक समाजातील काहींनाही ते रुचले नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र 1885 साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेऊन टीकाकारांस खडसाविले. ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही. हे पुस्तकही विस्मृतीत गेले होते. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले आणि महाराष्ट्राला ताराबाईंची नव्याने ओळख झाली.

अंतर्बाह्य एक असणे म्हणजे मनास येईल ते बोलणे नव्हे. घरात, शाळेत, बाजारात आणि सभेत आपले माप एकच ठेवणे, आणि ते प्रथम स्वतःला लावणे, हा त्याचा खरा अर्थ होय. हे काम सोपे नाही. म्हणूनच बुलढाण्याच्या त्या लेखिकेचे स्मरण ठेवावयाचे.

अभ्यास

1. बापूजी शिंदे यांच्या बोलण्यात व वागण्यात मेळ होता, हे कशावरून दिसते?
2. ताराबाईंनी स्वतःलाही तोच तराजू कसा लावला?
3. तुमच्या घरी मुलाला एक व मुलीला दुसरे असे माप कोठे लावले जाते काय? विचार करून आठ-दहा ओळी लिहा.